कोणत्या तोंडाने परत जाऊ

सकाळी साडेसहाला माझा हात मायक्रोमीटर धरू शकायचा नाही आणि पावणेसातला धरू शकायचा. मधल्या पंधरा मिनिटांत नव्वद एमएल पोटात गेलेली असायची. अंबडच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये सेटर होतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग हा आमचा रोजचा हिशेब. तो मोजणारा हात दारूशिवाय स्थिर राहत नाही हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, असं मी सात-आठ वर्षं धरून चाललो होतो. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या शेजारच्या मशीनवरचा पोरगा माझी मापं गुपचूप पुन्हा तपासायचा, हे मला नोकरी गेल्यावर कळलं.

सातपूरच्या आयटीआयमधून 1997 साली बाहेर पडलो, वर्षभरात नोकरी लागली आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर चार जणांबरोबर बसायला लागलो. दारू कशी लागली हे सांगत बसण्यात अर्थ नाही, ती कशीही लागते. मला सांगायचं आहे ते सुटल्यावर परत लागण्याबद्दल. मी दारू पाच वेळा सोडली. चार वेळा परत धरली. त्यातल्या प्रत्येक वेळेला पिण्यात जेवढा काळ गेला, त्याहून जास्त काळ ‘आता कोणत्या तोंडाने परत जाऊ’ या एका प्रश्नात गेला.

पहिल्यांदा सोडली ती माळ घालून. 2012 साली सासूबाई मला पौषवारीला त्र्यंबकला घेऊन गेल्या. निवृत्तीनाथांच्या समोर गळ्यात तुळशीची माळ पडली आणि मी मनापासून शपथ घेतली. तेव्हाची माझी श्रद्धा खोटी नव्हती, आजही नाही. पन्नासेक दिवस निभावले आणि रंगपंचमी आली. नाशिकला खरा रंग धुळवडीला नसतो, पंचमीला असतो. जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, उघडतात, रंगाच्या पाण्यात लोक धपाधप उड्या घेतात. रहाडीतून वर आलो, अंगात थंडी भरली होती, कोणीतरी ग्लास पुढे केला. मी माळ काढून खिशात ठेवली आणि तो घेतला. ती माळ पुन्हा गळ्यात घालायची हिंमत दोन वर्षं झाली नाही. माळकऱ्यांनी मला हाकललं नव्हतं. मीच वाट बदलली.

दुसऱ्यांदा, 2014 मध्ये, मी कोणालाही न विचारता एका रविवारी रात्री ठरवलं की उद्यापासून बंद. सोमवारी घाम, उलट्या, हाताला कंप. मंगळवारी पहाटे मोरीत दात घासताना आकडी आली आणि नळावर डोकं आपटलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे ‘मर्द असशील तर एका दिवसात सोड’ असं माणसं अजून म्हणतात. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. सिव्हिलच्या बाजूच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. म्हणाले, मेंदूला दारूचा ब्रेक सतत लावून ठेवलाय, म्हणून मोटर जास्त जोर लावून फिरतेय. ब्रेक एकदम काढला तर काय होईल? मशीनवाल्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. आकडीचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो, भ्रम होतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणून गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत दारू उतरवतात. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मी तेव्हा कानाआड केली. दर वेळी सोडून पुन्हा धरली की पुढची उतरण आधीपेक्षा अवघड होते.

घरी आल्यावर डायसल्फिराम सुरू झालं. रोज सकाळी बायको स्वतःच्या हाताने गोळी द्यायची, वर पाणी द्यायची. ही गोळी घेतलेल्याने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव जातोय असं वाटतं. ती भीती हेच तिचं काम. मी चार महिने ती नीट घेतली, मग जिभेखाली धरून बाथरूममध्ये थुंकायला लागलो. बायको दारात उभी राहून पाहायची, तरी थुंकायचो. दारूपेक्षा त्या थुंकण्याची लाज मला आज जास्त वाटते.

नाशिककर गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, एवढं कळलं की सराफ बाजारातली माणसं दुकान आवरायला लागतात. माझ्या घरात बायको कुलपात फिरणाऱ्या किल्लीच्या आवाजावरून मोजायची. एका फटक्यात किल्ली लागली तर ठीक. दोनदा खरखरली तर ती पोरीला आतल्या खोलीत न्यायची. तिसऱ्यांदा खरखरली तर स्वयंपाकघरातला दिवा बंद करून झोपल्याचं नाटक करायची. हे तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं. त्या दिवसांत पोर लहान होती, तिलाही तो हिशेब पाठ झाला होता.

तिसऱ्यांदा मात्र पाया बरा पडला. 2016 च्या जूनमध्ये एका व्यसनमुक्ती केंद्रात भरती झालो, स्वतःच्या पायांनी. यात एक सांगावंसं वाटतं. माणसाला झोपेतून उचलून, गाडीत कोंबून नेणारी ठिकाणंही आहेत आणि टेकीला आलेले घरचे लोक पैसे देऊन तसं करतात. त्यांचा राग येत नाही, त्यांच्या हालांची कल्पना आहे. पण तसा नेलेला एक जण माझ्या ओळखीचा होता. बाहेर आल्यावर त्याचा दारूवरचा राग गेला होता आणि घरच्यांवरचा वाढला होता. जाण्याआधी चौकशी करा, डॉक्टर कोण आहेत विचारा. सरकारची 14446 ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथून सुरुवात करता येते.

केंद्रातून आलो आणि ऑगस्टमध्ये गंगेला मोठा पूर आला. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा एएच्या मिटिंगला गेलो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस. अमेरिकेत 1935 साली दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलेली गोष्ट सिडकोतल्या एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेल्या माणसांत चालू होती. फी नाही, रजिस्टर नाही. दारू सोडायची इच्छा आहे का, एवढंच विचारतात. तिथे मला अण्णा भेटले. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, पासष्टीचे. ते स्वतः 1994 साली पुण्याच्या मुक्तांगणमध्ये राहून आलेले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं ते केंद्र. अनिता मॅडमचा विषय निघाला की अण्णांचा आवाज आजही खाली येतो. तिथून आल्यावर अण्णाही एकदा घसरले होते आणि परत गेले होते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ते ऐकलं, पण माझ्या बाबतीत ते लागू होईल असं वाटलं नाही.

जवळजवळ अडीच वर्षं. एवढे दिवस मी कोरडा राहिलो. सप्टेंबर 2018 मध्ये मिटिंगमध्ये दारू सुटल्याचा दुसरा वाढदिवस झाला, जरा उशिराच. केक कापला, एक बिल्ला मिळाला. बायको आली होती. पोरगी दहावीत होती, ती क्लास बुडवून आली.

आज मागे वळून पाहतो तेव्हा दिसतं की घसरण त्या केकच्या आसपासच सुरू झाली होती. जुनी गाडी घेतली होती, हप्त्यासाठी ओव्हरटाइम करत होतो. आठवड्याला तीन मिटिंगा होत्या, त्याची एक झाली, दिवाळीनंतर शून्य. अण्णांच्या वर्गात फळ्याशेजारी एक कागद चिकटवलेला असायचा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एकही वाढलं तर फोन करायचा. माझ्यात चारही होते. जेवणाची वेळ राहिली नव्हती, घरात खेकसत होतो, चार तास झोपत होतो. आणि वाटत होतं, सगळं छान चाललंय, आता मी बरा झालो. ‘बरा झालो’ या शब्दाची मला अजून धास्ती वाटते.

डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत सोलापूरहून साडू आले, मुलाबाळांना घेऊन. नाशकात पाहुणा आला की पूर्वी पंचवटी, काळाराम, पांडवलेणी, त्र्यंबक एवढं फिरवलं की झालं. आता वायनरी बघायचीच असते. गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो. हिरवे वेलांचे मांडव, मागे डोंगर, गार वारा. पाच छोट्या ग्लासांचं टेस्टिंग. समजावणारा मुलगा ग्लास दांडीला कसा धरायचा ते दाखवत होता. मी सांगितलं, मी घेत नाही. साडू म्हणाले, “अहो साडूभाऊ, ही काय दारू आहे होय? द्राक्षाचाच रस. बायकासुद्धा घेतायत.” त्यांना माझं सगळं माहीत नव्हतं. आम्हीच लपवलं होतं. बायको पोरांना घेऊन बाहेर फोटो काढत होती.

दोन घोट घेतले. आंबट लागले. आणि काहीच झालं नाही.

घरी आलो, पिठलं-भाकरी खाल्ली, झोपलो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, हात स्थिर होता. त्या ‘काहीच झालं नाही’नं माझा घात केला. मला वाटलं होतं, प्यायलो की आभाळ कोसळेल. कोसळलं नाही म्हटल्यावर डोक्यात हिशेब सुरू झाला की आपल्याला आता जमतंय. आठव्या दिवशी मी एकटा जाऊन क्वार्टर घेतली. पंधराव्या दिवशी सकाळची नव्वद परत सुरू झाली, जशी काही मधली दोन वर्षं नव्हतीच.

ते दोन घोट घेतले त्याच संध्याकाळी मी अण्णांना फोन केला असता तर? तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. फोन खिशात होता. पण बिल्ला मिळून तीन-साडेतीन महिने झाले होते, मी त्या दिवशी नव्या माणसांपुढे उभा राहून मोठेपणानं बोललो होतो. तिथे जाऊन सांगायचं की आज माझा पहिला दिवस? कोणत्या तोंडाने? अण्णांचे फोन आले, उचलले नाहीत. शाळेवरून जायला नको म्हणून पाथर्डी फाट्याकडून वळसा घालून कामावर जायचो. बिल्ला टूलबॉक्समध्ये इन्सर्टच्या रिकाम्या डबीत टाकला आणि डबी सर्वांत खाली ठेवली. एकदा अण्णा कंपनीच्या गेटवर आले होते. मी आत थांबून राहिलो, शिफ्ट सुटून तास झाला तरी.

हे बारा-तेरा महिने चाललं. पोरीच्या दहावीच्या पेपरांतला एकही दिवस मला आठवत नाही. नोव्हेंबरमध्ये नोकरी गेली. तोवर बायकोनं कंपनीला ‘ताप आहे’ असं सांगायचं बंद केलं होतं. ती दारुड्यांच्या घरच्यांच्या गटात जायला लागली होती आणि माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही, एवढं तिनं तिथून आणलं होतं. मला तेव्हा तो दगा वाटला.

जानेवारी 2020 मध्ये पोटातलं काहीच खाली राहीना. पिणं आपोआप तुटलं आणि तिसऱ्या दिवशी रात्री दवाखान्यात मला भ्रम झाला. मला स्वतःला फार थोडं आठवतं. बायको सांगते की मी पलंगावर उठून बसलो आणि हवेत हँडव्हील फिरवायला लागलो. एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं डायल गेज. तिला म्हणालो, “लाइट नीट धर, शून्य लागत नाहीये.” तीन-चार तास मी तो जॉब लावत होतो. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत माणूस आपलं रोजचं काम हवेत करत बसतो. शिंपी सुई ओवतो, ड्रायव्हर गाडी चालवतो. सलाईनच्या आधी त्यांनी बी-वनचं इंजेक्शन दिलं, कारण दारूनं ते जीवनसत्त्व संपलेलं असतं आणि त्याशिवाय ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 2014 मध्ये कानाआड केलेली गोष्ट मी आता अंगावर भोगत होतो.

पाचव्या दिवशी अण्णा आले. बायकोनं कळवलं होतं. हातात घरून आणलेली मुगाची खिचडी होती. गेटवरच्या त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, “शनिवारी वर्ग साडेसातला उघडतो.” बस.

गेलो. लिव्हर सुजलेलं होतं म्हणून या वेळी अकॅम्प्रोसेट दिलं, दिवसाला सहा गोळ्या, तीन वेळा दोन-दोन. ती ओढ कमी करते, भीती घालत नाही. फेब्रुवारी गेला, मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि वर्ग बंद झाला. मिटिंगा फोनवर आल्या. दारूची दुकानंही बंद होती, त्यामुळे मी कोरडा आहे की नुसता अडवलेला आहे, हे मलाच कळत नव्हतं.

4 मेपासून दुकानं उघडायला परवानगी मिळाली. त्या आठवड्यात एका सकाळी मी बायकोला ‘भाजी बघतो’ सांगून बाहेर पडलो. चुन्याचे गोल आखलेले, पोलीस उभे, रांग कोपऱ्यावरून वळलेली. तोंडाला रुमाल होता. तीन तास उन्हात उभा राहिलो. परत फिरायला तीन तास मिळाले होते, हे मी स्वतःपासून लपवत नाही. क्वार्टर घेतली, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवली आणि अंधार पडल्यावर अर्धी संपवली.

आठ वाजता फोनवर मिटिंगची लिंक आली. मी ती का उघडली, मला सांगता येत नाही. कॅमेरा बंद, आवाज बंद. काळ्या चौकटीत माझ्या नावाचं पहिलं अक्षर. दोघांचं बोलून झालं आणि अण्णा म्हणाले,

“कॅमेरा का बंद?”

“नेटवर्क नाही, अण्णा.”

“तोंड दाखव.”

मी गप्प.

“अरे, तोंड दाखव बाबा. आहे तसं.”

कॅमेरा सुरू केला. टाकीची सावली, माझा चेहरा आणि बाजूला अर्धी बाटली. अकरा चौकटींमधून अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. मी नाव सांगितलं, मी मद्यपी आहे म्हणालो आणि पुढे म्हणालो, आज प्यायलोय, अजून अर्धी शिल्लक आहे. कोणी सुस्कारा टाकला नाही, कोणी ‘अरेरे’ म्हणालं नाही. पंचवटीतल्या एक ताई होत्या, त्या म्हणाल्या, “आलात ना. बरं झालं.” अण्णा म्हणाले, “वहिनींना वर बोलव.” ते मला कॅमेरा सुरू करण्याहून जड गेलं. बायको वर आली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग बाटली उचलून पन्हाळीत ओतली. रिकामी बाटली तिनं फेकली नाही, हातात धरून माझ्याशेजारी कठड्यावर बसली आणि मिटिंग संपेपर्यंत बसून राहिली.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. आधीचा इतिहास माहीत असल्यामुळे त्यांनी दोन दिवस दर काही तासांनी नाडी बघायला सांगितली, गोळ्या चालू ठेवल्या. त्या रात्रीनंतर दारू नाही.

2018 मध्ये दोन घोटांनंतर मी तेरा महिने हरवलो होतो. 2020 मध्ये अर्ध्या क्वार्टरनंतर एक संध्याकाळ. माझी इच्छाशक्ती मधल्या काळात वाढली नव्हती, उलट शरीर आणि मन दोन्ही जास्त मोडलेलं होतं. फरक तेवढाच होता की या वेळी प्यायल्यावर तासाभरात ते कोणाला तरी माहीत झालं. म्हणून नव्या माणसाला मी ‘पिऊ नकोस’ हे कमी वेळा सांगतो. ‘प्यायलास तर त्याच दिवशी फोन कर’ हे प्रत्येक वेळी सांगतो. तोंडाला वास येत असताना कर. रडत असशील तर रडत कर.

आता एका छोट्या वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम करतो. पगार जुन्या कंपनीच्या निम्मा आहे. मायक्रोमीटर हातात घेतला की पहिल्यांदा शून्य लागतं का ते बघतो, मग जॉबला हात लावतो. पोरगी पुण्यात नोकरीला आहे. ती आईला रोज फोन करते, माझ्याशी सणावाराला बोलते. मिटिंगमधले काही जण म्हणतात, होईल नीट. कदाचित होईल. तिच्या दहावीचं वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही, त्यामुळे तिनं किती वेळ घ्यावा हे तिनंच ठरवायचं.

सेकंड शिफ्ट असली की घरी यायला साडेबारा होतात. इतकी वर्षं कुलपात किल्ली फिरली की आतून बांगड्यांचा आवाज यायचा. मी कितीही हळू फिरवली तरी बायको जागी व्हायची, काही न बोलता अंधारात ऐकत राहायची. मागच्या महिन्यात एका रात्री लाइट गेली होती. चाचपडत किल्ली लावताना ती दोनदा खरखरली. मी तसाच थांबलो, हात दारावर. आतून काहीच आवाज आला नाही. दार उघडून आत गेलो, चपला हातात घेऊन. ती कुशीवर झोपली होती, पांघरूण अर्धं खाली सरकलेलं. गाढ झोपली होती.